घरची एक्सरसाइज बाइक: सीट, लोड आणि व्यायामाची आखणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एक्सरसाइज बाइक घरी आली की पहिला आठवडा घरातला प्रत्येक जण बसून पाय मारतो. महिन्याभरात एकाचे गुडघे धरतात, दुसऱ्याला कंटाळा येतो आणि सायकल कोपऱ्यात जाते. बहुतेक वेळा कारणं दोनच असतात: सीट आपल्या मापाची लावलेली नसते, आणि बसण्याआधी आज काय करायचं हे ठरलेलं नसतं. किती वेळ, मिनिटाला पेडलच्या किती फेऱ्यांनी आणि किती लोडवर (म्हणजे पेडल किती जड ठेवून), हे तिन्ही आकडे सीटवर बसायच्या आधी ठरलेले असले की साध्या नॉबवाल्या सायकलवरही उत्तम व्यायाम होतो. खालची उत्तरं चुंबकीय लोडची सायकल, स्पिन बाइक (जिचं चाक थेट पेडलला जोडलेलं असतं) आणि कन्सोलमध्ये, म्हणजे समोरच्या पडदा-बटणांच्या मीटरमध्ये, प्रोग्रॅम असलेली सायकल, या तिन्हींना धरून आहेत.

सायकल जोडताना सगळ्यात जास्त चूक कुठे होते?

पेडलमध्ये. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होतं, डावं त्याच्या विरुद्ध. पेडलच्या दांड्यावर ‘एल’ आणि ‘आर’ ही अक्षरं कोरलेली असतात, ती आधी पाहा. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी: पाना दांड्यावर उभा धरून त्याचं वरचं टोक सायकलच्या पुढच्या बाजूला ढकललं की दोन्ही पेडलं घट्टच होतात.

पहिले चार-पाच वेढे हातानेच द्या. हाताने फिरत नसेल तर पेडल तिरकं बसतंय, ते काढून परत लावा. पाना लावून जोर केलात तर क्रँकमधले (पेडल ज्यात बसतं त्या फिरत्या हातातले) आटे जातात आणि मग पेडल नव्हे, क्रँकच बदलावा लागतो. शेवटी बहुधा १५ मिमीच्या पान्याने चांगलं आवळा. दोन-तीन दिवस चालवल्यावर पुन्हा एकदा आवळा, कारण नवीन पेडल बसताना थोडं ढिलं होतंच. पायाखाली ‘टक-टक’ जाणवत असताना तसंच चालवत राहणं म्हणजे रोज थोडे थोडे आटे खाणं.

दुसरी चूक वायरची. मीटरची वायर पुढच्या खांबातून वर येते. वरची आणि खालची पिन जोडून, उरलेली वायर खांबात नीट सरकवून मगच खांब बसवा, नाहीतर ती चेपते आणि मीटर चालूच होत नाही. पुढच्या-मागच्या आडव्या पायांचे बोल्टही एकेक करून पूर्ण आवळू नका. आधी सगळे हाताने लावा, सायकल सरळ उभी आहे ना पाहा, मग पाना फिरवा.

सीट किती उंच ठेवायची?

सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा पेडलच्या मधोमध ठेवा. गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक येईल. हीच तुमची उंची.

फूटपट्टीने मोजायचं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितक्या दाबाने वर सरकवा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या आणि त्याला ०.८८३ ने गुणा. माप ७६ सेंमी आलं तर उत्तर ६७ सेंमी. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटपोस्टच्या (सीटखालच्या खांबाच्या) रेषेत, एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. हे सूत्र रस्त्यावरच्या सायकलींसाठी निघालं आहे, म्हणून ते सुरुवातीचा अंदाज समजा. शेवटचा शब्द टाचेच्या चाचणीचा.

सीटपोस्टवर कोरलेली शेवटची रेघ बाहेर दिसेपर्यंत पोस्ट कधीही वर ओढू नका. ओढून लावायचा खटका असेल तर पिन भोकात ‘खट्’ करून बसलीय याची खात्री सीट खालीवर हलवून करा. भोकं एकमेकांपासून दूर असतील आणि तुमची उंची दोघांच्या मधली येत असेल, तर खालचं भोक निवडा आणि जरा जाड तळव्याचे बूट टाळा.

सीट पुढे-मागे आणि हँडल?

पेडल आडवे करा, म्हणजे एक पुढे आणि एक मागे, दोन्ही एका पातळीत. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो पेडलच्या दांड्याच्या आसपास पडला की पुरे, मिलिमीटरचा हट्ट नको. सीट आडवी, पातळीत ठेवा. हँडल सुरुवातीला सीटच्या उंचीइतकं किंवा थोडं वर असू द्या. पाठ किंवा मान दुखणाऱ्यांनी ते आणखी वर घ्यावं. रस्त्यावरच्या शर्यतीसारखं खाली वाकून बसण्याचा घरी काहीही फायदा नाही.

कुठे दुखलं तर काय बदलायचं?

गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखत असेल तर सीट बहुधा खाली किंवा फार पुढे आहे, नाहीतर लोड जास्त आणि फेरे कमी आहेत. गुडघ्याच्या मागे ओढ लागत असेल तर सीट उंच आहे. मागून कुणाला तरी पाहायला सांगा: कंबर डावी-उजवी डोलत असेल तरी सीट उंचच. बदल एका वेळी ५ मिमी, फार तर एक भोक, आणि मग दोन दिवस थांबा. एकाच दिवशी सीट, हँडल आणि लोड तिन्ही बदललं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

हाताचे पंजे बधिर होत असतील तर सगळं वजन हँडलवर जातंय. हँडल वर घ्या, कोपर सैल ठेवा. जांघेत बधिरपणा आला तर सीटचं नाक वर उचललेलं आहे का बघा, आणि दर पाच-सात मिनिटांनी काही सेकंद उठून पाय मारा. (हे स्पिन बाइकवरच. साध्या उभ्या सायकलवर सगळ्याच कंपन्या उभं राहून पाय मारू देत नाहीत, तिथे नुसती बसण्याची जागा थोडी बदला.) पायाची बोटं मुंग्या आल्यासारखी होत असतील तर पेडलचा पट्टा एक खाच सैल करा. चपला घालून किंवा अनवाणी चालवू नका, कडक तळव्याचे साधे बूट पुरतात.

लोड किती ठेवायचा? नॉबवर १ ते ८ आकडे आहेत, पण त्याचा अर्थ कळत नाही.

त्या आकड्यांना स्वतःचा अर्थ नाहीच. एका सायकलचा ४ दुसरीच्या ६ इतका असू शकतो. म्हणून आपला ‘पाया लोड’ आपणच शोधायचा.

पाच मिनिटं हलक्या लोडवर पाय मारून अंग गरम करा. मग मिनिटाला ७० फेरे धरून ठेवा आणि दर दोन मिनिटांनी लोड एकेक पायरी वाढवा. प्रत्येक पायरीच्या शेवटी बाराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस’ असं तीन-चार पायऱ्या एका दमात जात असेल तर लोड अजून हलका आहे. दोन पायऱ्यांनंतर श्वास घ्यावा लागतोय, पण बोलणं तुटत नाही, ही मध्यम मेहनत, आणि तो तुमचा पाया लोड. ‘बारा दुणे’ म्हणून तिथेच धाप लागली तर तुम्ही जोराच्या पट्ट्यात गेलात. आकडा कागदावर लिहून ठेवा, खालचं सगळं गणित त्याच्यावर चालतं.

पाढा कशाला, नुसता अंदाज का नको? कारण नवशिक्याचा अंदाज पायावरून असतो. मांडी भरून आली की त्याला वाटतं खूप झालं, आणि छाती मात्र अजून आरामात असते. काही आठवड्यांनी हे उलटं होतं.

मिनिटाला फेरे किती हवेत?

सुरुवातीला ६० ते ७०, सवय झाली की ७५ ते ९०. ५० च्या खाली जाऊन जड लोड रेटणं गुडघ्यांना महाग पडतं. १०० च्या वर, लोड नसताना, अंग सीटवर उड्या मारायला लागतं आणि व्यायाम फारसा होत नाही. मीटरवर फेरे दिसत नसतील तर उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणा.

पहिला महिना कसा आखायचा?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराच्या व्यायामाची आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात पोचायची घाई नको.

पहिले दोन आठवडे चार दिवस, रोज २० मिनिटं: ५ मिनिटं पाया लोडच्या दोन पायऱ्या खाली, १० मिनिटं पाया लोडवर, ५ मिनिटं पुन्हा खाली. तिसऱ्या आठवड्यात मधली १० ची १५ करा, चौथ्यात २० आणि दिवस पाच. ५ अधिक २० अधिक ५, गुणिले ५ दिवस, झाली १५० मिनिटं. या महिन्यात लोड वाढवू नका, फक्त वेळ वाढवा. स्नायू दोन आठवड्यांत तयार झाल्यासारखे वाटतात, पण सांध्यांभोवतीच्या शिरा-बंधांना जास्त वेळ लागतो.

सायकलवर शरीराचं वजन सीट उचलते, त्यामुळे हाडांवर भार पडत नाही. गुडघ्यांसाठी हे सोयीचं, पण हाडांसाठी अपुरं. म्हणून आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला टेकून जोर यांची जोड द्या.

कन्सोलमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम कसा भरायचा?

बटणांची नावं कंपनीगणिक बदलतात, पण क्रम जवळपास तोच असतो: मोड किंवा एंटर दाबून ‘युझर’ प्रोग्रॅम निवडायचा, मग पडद्यावर उभे खांब दिसतात. वर-खाली बटणाने पहिल्या खांबाची उंची, म्हणजे लोड ठरवायचा, एंटर, दुसरा खांब, एंटर, असं शेवटपर्यंत. मग एकूण वेळ आणि स्टार्ट.

इथली खरी मेख वेळेची आहे. बहुतेक कन्सोल तुम्ही दिलेला एकूण वेळ सगळ्या खांबांत सारखा वाटतात. २० खांब आणि २० मिनिटं असतील तर एक खांब एक मिनिटाचा. तोच प्रोग्रॅम ४० मिनिटांना लावलात तर प्रत्येक खांब दोन मिनिटांचा होतो, म्हणजे एक मिनिट जोर काढायचा होता तिथे दोन मिनिटं काढावा लागतो. ‘काल जमलं, आज तोच प्रोग्रॅम जमेना’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा हेच असतं. आधी खांब मोजा, मग वेळ ठरवा.

पाया लोड ३ असलेल्यासाठी २० खांबांचा, २० मिनिटांचा एक नमुना:

खांब १ ते ४: २, २, ३, ३
खांब ५ ते १६: ६, ३, ३ हा तिकडा चार वेळा
खांब १७ ते २०: ३, २, २, १

म्हणजे चार वेळा एक मिनिट जोर, मध्ये दोन-दोन मिनिटं दम खायला. शेवटचा खांब १ वरच ठेवा. एकदम थांबलं की पायातलं रक्त पायातच साचून चक्कर येऊ शकते. पाया लोड वेगळा असेल तर शेवटचा सोडून बाकीचे खांब तेवढेच वर किंवा खाली सरकवा. ६ वर ७० फेरे टिकत नसतील तर ५ करा. फेरे पाडून लोड टिकवण्यात अर्थ नाही.

माझ्या सायकलला फक्त नॉब आहे. इंटरव्हल (थोडा वेळ जोर, थोडा वेळ दम) कसे करू?

वरचाच नमुना मोबाइलच्या टायमरवर करा. नॉबवर मार्करने दोन खुणा करून ठेवा, एक पाया लोडची, एक जोराची, म्हणजे दमलेल्या अवस्थेत आकडे शोधावे लागत नाहीत. जोराचं मिनिट सुरू व्हायच्या पाच सेकंद आधी नॉब फिरवा. स्पिन बाइकच्या नॉबवर आकडेच नसतात, तिथे हलक्या लोडपासून किती पाव-फेरे दिले ते मोजायचं. पट्टीने चाक घासून लोड देणाऱ्या सायकलवर मात्र पट्टी तापली, झिजली की तीच खूण वेगळा लोड देते. तिथे नॉबपेक्षा पाढ्यावर विश्वास ठेवा.

ताबाता व्यायाम चार मिनिटांचा असतो ना? रोज तेवढंच केलं तर?

इझुमी ताबाता आणि सहकाऱ्यांचा १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अशाच स्थिर सायकलवर झाला होता: २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे. पण तो जोर प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या सुमारे १७० टक्के होता, आणि करणारे तरुण, व्यायामाची सवय असलेले विद्यार्थी होते. आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी एका दिवशी तेही ३० मिनिटं सलग सायकल चालवून मग थोडेच जोराचे फेरे घेत. मोबाइलवर घड्याळ लावून २०-१० केलं म्हणजे तो प्रयोग झाला असं नाही. तीन महिने पाया पक्का करा, मग आठवड्यातून एकदा करून पाहा.

वॉट मोडमध्ये पाय अचानक जड होऊन अडकतात. बिघाड आहे का?

नाही. वॉट म्हणजे लोड आणि वेग यांचा गुणाकार. १२० वॉट लावलेत आणि फेरे ८० वरून ६० वर आले, की तेवढेच वॉट टिकवायला सायकल लोड वाढवते. लोड वाढला की फेरे आणखी पडतात, मग लोड आणखी वाढतो. यातून निघायचा मार्ग एकच: लक्ष्य २०-३० वॉटने खाली आणा, फेरे ८० पर्यंत नेऊन स्थिर करा आणि मग परत चढवा. दात-ओठ खाऊन रेटू नका, गुडघे तिथेच दुखावतात.

नाडी किती असावी? हँडलवरचा आकडा बरोबर असतो का?

२०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. ५० वर्षांच्या माणसासाठी १७३. मध्यम व्यायामात त्याच्या ६५ ते ७५ टक्के, म्हणजे ११२ ते १३० च्या आसपास. हा सरासरीचा हिशोब आहे, तुमचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकतो.

हँडलच्या पट्ट्या दोन्ही हातांनी स्थिर धराव्या लागतात. घाम आला, पकड सैल झाली की आकडा उड्या मारतो. नाडीवर चालणारा प्रोग्रॅम वापरायचा असेल तर छातीचा पट्टा घ्या. तरी नाडी मेहनतीच्या एक-दोन मिनिटं मागे चालते, म्हणून एक मिनिटाचे इंटरव्हल नाडीवर आखू नका. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात तोच लोड जास्त नाडी दाखवेल. पंखा समोरून लावा, पहाटे चालवा आणि त्या दिवसांत लोड एक पायरी खाली ठेवा.

रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर?

मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल अशा गोळ्या नाडीचा वेग रोखून धरतात. त्या चालू असतील तर वरचं गणित बाजूला ठेवा आणि पाढ्यावर चाला. हँडल आवळून, श्वास रोखून जोर काढू नका, त्याने रक्तदाब चढतो.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी बसण्याआधी साखर तपासावी. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खावं. सायकलच्या बाटलीच्या खाचेत ग्लुकोजची पुडी कायम ठेवा. हातापायाला कंप, थंड घाम, अचानक भूक लागली तर लगेच थांबून साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर उतरा आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवा. ‘गॅस असेल’ म्हणून वाट पाहू नका. हृदयविकार असलेल्यांनी किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी पहिला लोड डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

मीटर म्हणतं ३० चा वेग आणि ४०० कॅलरी. खरं मानायचं?

साध्या मीटरला फक्त चाक किती वेळा फिरलं तेवढं कळतं. लोड १ वर भरभर पाय मारले तरी ३० चा वेग दिसतो आणि त्यावरूनच कॅलरी मोजल्या जातात. ज्या सायकलवर वॉट मोजले जातात तिथे हिशोब स्वतः करता येतो: १०० वॉट, ३० मिनिटं, म्हणजे १८० किलोज्यूल काम. शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचवतं, म्हणून खर्च साधारण १७० ते २१५ किलोकॅलरी. दोन मध्यम पोळ्यांच्या आसपास.

सायकलने पोटाचाच घेर कमी होतो का?

नाही, चरबी कुठून जाईल हे आपल्या हाती नसतं. ती सगळीकडूनच हळूहळू जाते.

ॲपला सायकल जोडली जात नाही.

फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन जोडू नका, ॲपच्या आतून जोडा. बहुतेक सायकली एका वेळी एकाच फोनशी बोलतात. घरातल्या दुसऱ्या फोनने किंवा टॅबने आधीच पकडली असेल तर ती तुमच्या यादीत दिसणारच नाही. तिथलं ॲप पूर्ण बंद करा. जुन्या अँड्रॉइड फोनवर लोकेशनची परवानगीही लागते. झ्विफ्टसारख्या, पडद्यावर आभासी रस्ता दाखवणाऱ्या ॲपने लोड आपोआप बदलायला हवा असेल तर सायकलमध्ये लोड बदलणारी मोटर हवी. नुसता नॉब असलेली सायकल आकडे पाठवेल, लोड तुम्हालाच फिरवावा लागेल.

मीटर शून्य दाखवतं, सायकल कुरकुरते. मेकॅनिकला बोलवू?

आधी सेल बदला. मग क्रँक किंवा चाकावरचा छोटा लोहचुंबक आणि त्यासमोरचा सेन्सर पाहा. दोघांमध्ये दोन-तीन मिमीच अंतर हवं, सेन्सर सरकला की फेरे मोजले जात नाहीत. आवाज पाय मारल्याबरोबर ठरावीक जागी येत असेल तर पेडल किंवा क्रँकचा नट, अंग हलवल्यावर येत असेल तर सीटचा क्लॅम्प. घासून लोड देणाऱ्या सायकलची पट्टी कोरडी पडली की करकर करते. लोकरीच्या पट्टीवर सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो.

कोकण, मुंबई, गोव्यात खारी हवा बोल्टांना गंज आणते. आठवड्यातून एकदा सीटपोस्ट आणि बोल्टांवरून तेलाचं फडकं फिरवा, घाम रोज पुसा आणि पावसाळ्यात हँडलवर ओले कपडे वाळत घालू नका, पाणी मीटरच्या वायरीत उतरतं. खाली राहणाऱ्यांना आवाज जात असेल तर ६ ते १० मिमीची रबरी चटई घाला आणि पायांखालची स्क्रू-बटणं फिरवून डोलणं थांबवा.

स्पिन बाइकचं चाक थेट पेडलला जोडलेलं असतं, तुम्ही थांबलात तरी ते पाय फिरवत राहतं. नॉब खाली दाबून चाक थांबवा, मगच उतरा. ओढणी, पदर, बुटाच्या नाड्या खोचून घ्या, आणि लहान मुलं घरात असतील तर वापर संपल्यावर लोड पूर्ण आवळून ठेवा, म्हणजे चाकात बोट घालून ते सहज फिरवता येत नाही.

घरात चौघे चालवतात, आणि लोड कधी वाढवायचा?

सीटपोस्टवरची भोकं खालून मोजून प्रत्येकाचा आकडा कागदावर लिहा: आई ४, बाबा ७, असं. तोच कागद सायकलशेजारच्या भिंतीवर चिकटवा आणि नावापुढे पाया लोड व तारीखही टाका. दर चार आठवड्यांनी पाढ्याची चाचणी परत करा. त्याच लोडवर आता चार पायऱ्या एका दमात जात असतील तर पाया एक पायरी वर घ्या, मधल्या २० मिनिटांतली पहिली १० नव्या लोडवर आणि उरलेली १० जुन्यावर, असं एक आठवडा करा, मग पूर्ण २० नव्यावर. आजारपणाने दोन आठवडे खंड पडला असेल तर जुन्या आकड्यापासून नाही, एक पायरी खालून सुरू करा.